तीनशे अठरा नंबरचं खोकं

रविवारी सकाळी साडेदहालाच मोठीने दुकानाचं शटर अर्धं वर घेतलं, फरशी पुसली आणि सहा खुर्च्या गोल मांडल्या. बैठक अकराची होती. वर घरात ऐसपैस हॉल होता, सोफा होता, न कुरकुरणारा पंखा होता. पण आबा गेल्यापासून या घरातलं जे काही ठरलं ते खाली दुकानातच ठरलं आणि मोठीला ते सोयीचंच होतं. वरच्या मजल्यावर ती सून होती. खाली, काउंटरच्या आत, तिच्या शब्दाला वजन होतं.

आज तर तिला कसली धाकधूकच नव्हती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला धंदा वाढवायचा होता आणि त्याने ही जागा भाड्याने मागितली होती. आबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, लिहून ठेवलं होतं की जागेचं काही करायचं झालं तर तिन्ही भावंडांपैकी दोघं म्हणतील तसं करावं, तिसऱ्याने तोंड वाकडं करू नये. थोरला, मोठीचा नवरा, तिच्या बाजूने होता. दुसऱ्या कुणाच्या बाजूने असता तर राहिला कुठे असता हा प्रश्नच होता. नणंद, म्हणजे ताई, गेली अठ्ठावीस वर्षं या दुकानाच्या नावाने बोटं मोडत होत्या, तेव्हा त्यांचं मत विचारायचीही गरज नव्हती. राहिला धाकटा दीर. पण त्याच्या बायकोने गुरुवारीच फोन केला होता. “वहिनी, निर्धास्त राहा. यांना मी वळवलंय. भाड्याचं भूत उतरलं डोक्यातून.” थोरल्याचं एक आणि धाकट्याचं एक, झाली दोन मतं. दुकान राहणार होतं.

राहणार म्हणजे पूर्वीसारखं नव्हे, एवढी मोठी खुळी नव्हती. सिनेमाच्या व्हिडिओ कॅसेट भाड्याने न्यायला आता कुत्रं फिरकत नव्हतं. पण गेल्या सहा महिन्यांत तिने वेगळंच काम हाती धरलं होतं. लोकांच्या कपाटांत जुन्या कॅसेट पडून होत्या: लग्नं, वाढदिवस, शाळेची स्नेहसंमेलनं, आता हयात नसलेल्या माणसांचं हसणं-बोलणं. कॅसेट होत्या, लावायला मशीन नव्हतं. मशीनं थोरल्याकडे होती, चांगली सात, सातही चालू, कारण मोडकं मशीन दिसलं की त्याला जेवण सुचत नसे. मोठी त्या कॅसेट साफ करायची, कॉम्प्युटरवर उतरवायची आणि पेन ड्राइव्हवर भरून घरच्यांना परत द्यायची. आजच्या घटकेला चाळीस घरांच्या कॅसेट मागच्या फळीवर वाट बघत बसल्या होत्या. छप्पन्नाव्या वर्षी तिला काहीतरी नव्याने जमायला लागलं होतं आणि ते सर्दी-खोकल्याच्या बाटल्यांसाठी सोडायला ती तयार नव्हती.

आधी धाकट्याचं बिऱ्हाड आलं. धाकटा लिफ्ट विकायचा, त्यामुळे कुठेही शिरला की पहिल्यांदा छताकडे बघायचा.

“वहिनी, कोपऱ्यात ओल आहे.”

“ती आबांच्या वेळची आहे, भाऊजी. तिला काही बोलायचं नाही.”

धाकटी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. तिच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा ‘मीठ’ अशी चिठ्ठी आणि भरल्याची तारीख. तिने मोठीकडे बघून एक डोळा बारीक केला, म्हणजे गुरुवारचं पक्कं. त्यांच्यामागून पंचविशीतली पुतणी आली आणि कुणाशी न बोलता सरळ फळ्यांमध्ये शिरली. थोरला आतल्या टेबलाशी मशीन उघडून बसला होता. त्याने मान वर करून सगळ्यांना एक हसू दिलं आणि पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

अकराला पाच मिनिटं असताना शटरच्या खाली दोन चपला दिसल्या. पांढऱ्या साडीचे काठ दिसले. पण पुढे कोणी आलं नाही.

“या ना ताई, आत या,” मोठी म्हणाली.

“शटर पूर्ण वर घे,” बाहेरून आवाज आला. “मी वाकून येणार नाही.”

धाकट्याने उठून शटर वर ढकललं. ताई ताठ उभ्या होत्या, बासष्टाव्या वर्षीही छडीसारख्या. आबांच्या आजारपणात त्या वर येऊन गेल्या होत्या, पण बाजूच्या जिन्याने. दुकानात पाऊल टाकायला त्यांना अठ्ठावीस वर्षं लागली. त्यांनी उंबऱ्यावर क्षणभर थांबून आत नजर फिरवली आणि दाराजवळची खुर्ची घेतली, चटकन उठून जाता यावं अशी.

ताई कोर्टात स्टेनो होत्या. चौतीस वर्षं लोकांचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्यायची सवय, ती निवृत्तीबरोबर गेली नव्हती. या घरात कुणी कधी काय म्हणालं याचा वाद ताईंसमोर कुणी घालत नसे, कारण त्या वारासकट सांगत.

“काकू,” फळ्यांमधून पुतणीचा आवाज आला, “ही सगळी खोकी रिकामी आहेत?”

“पुढची रिकामीच. कॅसेट मागे.”

“असं का?”

सांगायला मोठी एका पायावर तयार होती. आबांची ती पद्धतच होती. पुढच्या फळ्यांवर चित्राची रिकामी खोकी. कॅसेट काउंटरमागे, साध्या पांढऱ्या डबीत, वर फक्त नंबर. गिऱ्हाईक खोकं घेऊन यायचं, आपण नंबर बघून डबी द्यायची आणि खोक्याला लाल बिल्ला अडकवून ते परत जागेवर ठेवायचं. बिल्ला दिसला की समजायचं, ही बाहेर आहे.

“शनिवारी संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसायची,” मोठी म्हणाली. “नवराबायको यायचे एकत्र आणि जायचे भांडत. त्याला मारामारी हवी, तिला रडारड. पोरं भुताच्या फळीखाली मांडी घालून बसायची, खोक्यावरचं चित्र बघून तिथेच घाबरायची, मग न्यायची गरजच नाही. एक शिंपी होता, तो तासभर सगळी खोकी उलटून मागचं वाचायचा आणि दर वेळी तोच सिनेमा न्यायचा. विचारलं तर म्हणाला, बाकीच्यांच्या गोष्टी मला कळल्या, आता बघू कशाला.”

धाकटा मोठ्याने हसला. “आणि आबांचा प्रश्न?”

“तो तर ठरलेला. कुणी विचारलं, आज काय चांगलं आहे, की आबा विचारायचे, ‘घरात आज कोण कोण आहे?’ सासूबाई आल्या असतील तर एक कॅसेट, गेल्या असतील तर दुसरी. एकदा एका बाईंनी सांगितलं, घरात आज कुणीच नाही, मी एकटी. आबांनी तिला तीन तासांचा विनोदी सिनेमा दिला आणि वर सांगितलं, दोनदा बघ.”

आठवणींनी दुकान जरा गरम झालं. ताईंच्या ओठांचा कोपराही हलला असावा, पण त्यांनी तो लगेच आवरला. मोठीने तेवढ्यात चहा ओतला. सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. आता पाच मिनिटांत मुद्द्याला हात घालायचा, हात वर करून घ्यायचे आणि दुपारच्या जेवणाला सगळ्यांना वर न्यायचं, असा तिचा बेत होता.

“मग हे कुणाकडे आहे अजून?” पुतणी एक खोकं घेऊन बाहेर आली. त्यावर लाल बिल्ला लटकत होता, रंग उडून गुलाबी झालेला. “तीनशे अठरा. सगळ्या दुकानात हे एकच बाहेर आहे.”

“कुणीतरी ढापली असेल,” धाकटा म्हणाला.

“असेल,” मोठी म्हणाली आणि कपाकडे बघत राहिली.

पुतणीने खोकं काउंटरवर ठेवलं. “काकू, तुम्ही जगाची लग्नं उतरवून देता. आईबाबांच्या लग्नाची कॅसेट कुठे आहे? मला बघायचीय.”

धाकटीने कप खाली ठेवला. तिचा आवाज एकदम गोड झाला, आणि तो गोड झाला की या घरात सगळे सावरून बसत. “आमच्या लग्नावर मासे पोहतायत, बाळा. आत्याला विचार.”

ती जुनी जखम होती. लग्नानंतर आठवड्याने सगळे लग्नाची कॅसेट बघायला जमले. घरात टीव्हीजवळ एक बिनचिठ्ठीची कॅसेट होती, ती लावली, तर पडद्यावर खोल समुद्र आणि त्यात मासे. ताईंनी आदल्या दिवशी टीव्हीवरचा माशांचा कार्यक्रम रेकॉर्ड केला होता. कोरी कॅसेट समजून, असं त्या म्हणत होत्या. पण लग्नाची दुसरी कॅसेट कुठेच सापडेना, तेव्हा सगळ्यांनी एकच अर्थ काढला की ताईंनी लग्न पुसलं. आणि चिठ्ठी का नव्हती? तर या घरात दुनियेच्या कॅसेटवर चिठ्ठी लागायची, नंबर लागायचा. घरच्या कॅसेटवर कधीच नाही. घरचीच आहे, ओळखू येईल, असं आबा म्हणायचे.

“आठ दिवस झाले होते माझ्या लग्नाला,” धाकटी म्हणाली. “माझे बाबा त्याच वर्षी गेले. त्यांचा बोलतानाचा एक तुकडा नाही माझ्याकडे. मासे आहेत.”

“अगं, जाऊ दे आता,” धाकटा पुटपुटला.

“नको जाऊ दे,” ताई म्हणाल्या. “तिचं बरोबर आहे, मी ते केलं असतं तर. पण आज मी मत द्यायला आले आहे, तर कारणही देते. इथे, या काउंटरसमोर, कोर्टाला सुट्टी होती त्या मंगळवारी, दुपारी सव्वाचार वाजता आबा मला म्हणाले, ‘जिला सख्ख्या भावाचं लग्न सांभाळता येत नाही, तिच्या हाती मी लोकांच्या वस्तू कशा देऊ? उद्यापासून काउंटरवर थोरल्याची बायको बसेल.’ सहाजण हजर होते. त्यातले पाच इथे आहेत. एकानेही तोंड उघडलं नाही.”

थोरल्याचा स्क्रूड्रायव्हर थांबला होता.

“मला औषधवाल्याच्या भाड्यात काडीचा रस नाही,” ताई पुढे म्हणाल्या. “माझा हिस्सा या दोघांनी वाटून घ्यावा. मला फक्त या दारावर दुसरी पाटी बघायची आहे. मत घ्या, आणि मला मोकळी करा.”

धाकट्याने घसा साफ केला. “बरं, मग घेऊ या. दादा?”

“दुकान,” थोरला म्हणाला.

“माझंही...” धाकट्याने बायकोकडे बघितलं. धाकटीने मान डोलावली.

“थांबा, भाऊजी,” मोठी म्हणाली.

ती का थांबा म्हणाली हे पुढे बरीच वर्षं तिला कुणी कुणी विचारणार होतं, आणि दर वेळी ती वेगळं कारण सांगणार होती. खरं कारण एकच होतं. ताईंनी वार आणि वेळ सांगितली तेव्हा तिला ती दुपार दिसली. आणि त्या दुपारनंतर तीन महिन्यांनी आलेली एक संध्याकाळही दिसली, जी ताईंना ठाऊक नव्हती. दोन मतं पदरात पडली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसायचा तिला अठ्ठावीस वर्षांचा सराव होता. पण आज ताई समोर बसल्या होत्या, दाराजवळच्या खुर्चीत, उठून जायच्या तयारीने. मोठीला मनापासून वाटलं की आपण हे असं जिंकलो तर उद्यापासून या काउंटरवर बसून आपल्यालाच बरं वाटणार नाही. आणि भीती? ती होती, भरपूर होती.

ती उठली, स्टुलावर चढली आणि काउंटरमागच्या सगळ्यात वरच्या फळीवरून एक पांढरी डबी काढली. त्यावर तीनशे अठरा लिहिलं होतं.

“ही आता बाहेर नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडेच आहे, बिल्ला मीच अडकवून ठेवलाय. यात तुझं लग्न आहे, धाकटे.”

धाकटीला आधी कळलंच नाही. मोठीने मग उभ्याउभ्याच सांगितलं. शनिवारची गर्दी होती. ताई कोर्टातून यायच्या होत्या आणि तोवर काउंटरवर ती बसली होती, नवशिकी. लग्नाची कॅसेट कुणीतरी दुकानातल्या टीव्हीवर बघून काउंटरवर ठेवली होती, अर्थात चिठ्ठीशिवाय. एका माणसाने तीनशे अठरा मागितली, एकत्र कुटुंबावरचा मोठा सिनेमा होता. त्या सिनेमाची कॅसेट थोरल्याने मशीनच्या चाचणीसाठी टेबलावर नेली होती, डबी रिकामी होती. तिला वाटलं समोर पडलीय तीच असणार. घातली डबीत आणि दिली.

“आणि तो परत आला नाही तक्रार घेऊन?” धाकट्याने विचारलं.

“कुणीच आलं नाही. तीन महिने ती फिरली. नऊ घरांत गेली.”

“नऊ,” धाकटी म्हणाली.

“लोकांना वाटलं नव्या पद्धतीचा सिनेमा आहे. सुरुवातीलाच लग्न, भरपूर माणसं. एक बाई मला म्हणाल्या, घरचं वातावरण अगदी खरं घेतलंय. शेवटी एक निवृत्त पोस्टमन आला. त्याने डबी ठेवली आणि म्हणाला, चांगला आहे, पण याला शेवट नाही, सगळे नुसते जेवतात. नायक दिसायला बेताचाच, पण जेवतो मनापासून. तेव्हा मला शंका आली. लावून बघितली तर तुम्ही होता, भाऊजी.”

पुतणीला हसू आवरेना, तिने फळीकडे तोंड फिरवलं. धाकट्याला हसावं की रागवावं हे ठरवता येईना. तो म्हणाला, “बेताचा म्हणजे काय.”

“तुम्ही गप्प बसा,” धाकटी म्हणाली. ती उभी राहिली होती आणि तिच्या हातातला रुमाल पिळवटून दोरी झाला होता. “नऊ घरांनी माझं लग्न बघितलं. परक्या माणसांनी माझे बाबा बघितले. मी नाही बघितले. आणि तुम्ही शेजारच्या जिन्याने रोज वर जात होता, वहिनी, माझ्या हातचा चहा पीत होता. मी गुरुवारी तुम्हाला फोन करून सांगितलं की निर्धास्त राहा.”

“हो.”

“लावा ती.”

थोरला उठला. त्याने डबी बायकोच्या हातातून घेतली, तिच्याकडे एकदा बघितलं, नीट, बराच वेळ, आणि कॅसेट मशीनमध्ये सरकवली. पडद्यावर आधी रेघा आल्या, मग एक हॉल, खुर्च्यांच्या रांगा, आणि एक उंच म्हातारा, जो कॅमेरा दिसताच केस नीट करायला लागला. आवाज खरखरत होता तरी शब्द कळत होते. तो कॅमेरावाल्याला विचारत होता की यात मी जाड तर दिसणार नाही ना.

धाकटी खाली बसली. पुतणी तिच्या खुर्चीच्या हातावर येऊन टेकली. त्या दोघी पुढे बराच वेळ पडद्याकडेच बघत होत्या, आणि त्यांच्याकडून बैठकीला काही मिळण्यासारखं नव्हतं.

धाकटा मात्र मोठीकडे वळला. तो रागवायचा कमी, पण बायको रडताना बघणं त्याला झेपत नसे. “वहिनी, हे बरोबर नाही केलंत. माझं मत मी परत घेतो. जागा औषधवाल्याला द्यावी. मला यापुढे इथे येऊन हसता येणार नाही.”

“बरोबर आहे, भाऊजी,” मोठी म्हणाली. मागच्या फळीवरची चाळीस घरं तिला न बघताच दिसली. त्यांना काय सांगायचं, कुठे पाठवायचं, याचा विचार तिने सुरूही केला.

म्हणजे आता एक मत दुकानाचं, एक औषधवाल्याचं. सगळे ताईंकडे बघू लागले. ताईंनी पर्स मांडीवरून खाली ठेवली.

“तुला कळलं कधी?” त्यांनी विचारलं.

“तीन महिन्यांनी. तुम्ही घर सोडून गेला होता, दोन आठवडे झाले होते.”

“आबांना सांगितलंस?”

“नाही.”

“याला?” त्यांनी थोरल्याकडे हात केला.

“नाही. यांनाही आत्ताच कळतंय.”

“का नाही सांगितलंस?”

मोठीच्या जिभेवर उत्तरं तयार होती. आबा रागीट होते, घर नवीन होतं, पोटात बाळ होतं जे पुढे राहिलं नाही. सगळी खरी होती. तिने त्यातलं एकही दिलं नाही.

“काउंटर गेलं असतं म्हणून,” ती म्हणाली. “मला ते आवडायला लागलं होतं. लोक मला नावाने विचारायला लागले होते. एका चुकीवर आबांनी तुम्हाला उठवलं, मला ठेवलं असतं थोडंच.”

“काउंटर कुणाचं होतं?”

“तुमचं होतं, ताई.”

हे वाक्य मोठ्याने म्हणायला तिला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि म्हटल्यावर तिला जराही हलकं वाटलं नाही, उलट रडायलाच आलं. ती रडली. पदराने नाक पुसून पुन्हा सरळ उभी राहिली, कारण ताईंसमोर वाकून उभं राहणं तिला जमणारं नव्हतं.

ताई उठल्या. सगळ्यांना वाटलं निघाल्या. धाकटा शटरकडे सरकलासुद्धा. पण त्या दाराकडे न जाता काउंटरकडे आल्या, बाजूची फळी उचलली आणि आत शिरल्या. स्टुलावर बसून बघितलं. काउंटरवर हात फिरवला. पांढऱ्या डब्यांची एक रांग वाकडी होती, ती एका बोटाने सरळ केली.

“मी चौतीस वर्षांची होते,” त्या म्हणाल्या. “दिवसभर दुसऱ्यांची भांडणं लिहायची आणि संध्याकाळी इथे यायचं. इथे मला लोक विचारायचे, काय बघू. कोर्टात मला कधी कुणी काही विचारलं नाही. मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत राहिले की हे दुकान माझ्या डोळ्यांसमोर नको. दुकान नको नव्हतं मला. मला इथून घालवलं, ते सहन होत नव्हतं.”

“ताई, माझी चूक झाली,” मोठी म्हणाली. “माफ करा असं म्हणायला तोंड नाही.”

“म्हणूच नकोस. इतक्यात होणार नाही ते.” ताईंनी पर्समधून चष्मा काढून लावला. “माझं मत लिहून घे रे, धाकट्या. दुकान राहील.”

धाकट्याने कपाळावर हात मारला. “ताई, तू आत्ता तर...”

“मी काय म्हणाले ते मला माहीत आहे. दुकानाला मत दिलंय, हिला नाही. काउंटरवर मी बसणार. येणाऱ्या प्रत्येक कॅसेटवर चिठ्ठी मी लावणार, घरच्यांच्या सगळ्यात आधी. हिने आत मशीनवर बसावं, तिचा हात चांगला आहे असं ऐकते. आणि धाकटीची कॅसेट पहिली उतरवायची. रांगेतली चाळीस घरं थांबतील.”

“मी वहिनींशी बोलणार नाहीये,” धाकटी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. “वर्षभर तरी.” मग थोड्या वेळाने तिने विचारलं, “याचा आवाज वाढतो का हो, वहिनी?”

थोरल्याने आवाज वाढवला. पडद्यावर तो उंच म्हातारा कुणाला तरी जेवायला बसायचा आग्रह करत होता.

मोठी काउंटरच्या बाहेर उभी होती, गिऱ्हाईक उभं राहतं त्या जागी. इथून दुकान तिने कधी बघितलंच नव्हतं. फळ्या उंच वाटत होत्या आणि काउंटरमागचं माणूस बरंच करारी. दुकान वाचलं होतं, आणि तिची जागा गेली होती, दोन्ही एकाच वाक्यात. तिने मनाशी दोन्हीचा अंदाज घेतला आणि तिला आश्चर्य वाटलं की आपल्याला उद्याची घाई झालीय.

“किती वाजता उघडतेस?” ताईंनी विचारलं.

“साडेनऊ.”

“आबा नऊला उघडायचे.”

“तेव्हा गिऱ्हाईक नऊला यायचं, ताई.”

“उद्यापासून पुन्हा येईल. किल्ली दे.”

मोठीने कमरेचा जुडगा काढला. त्यातली शटरची किल्ली वेगळी करायला गेली, पण कडी इतकी वर्षं न उघडल्याने गंजून बसली होती, नखाने हलेना. तिने दोनदा प्रयत्न केला. मग वरच्या घराची, कपाटाची, जिन्याची, सगळ्या किल्ल्यांसकट तो जुडगा तसाच काउंटरवर, ताईंच्या हाताशी ठेवला.

ताईंनी तो उचलला, वजन बघितलं आणि स्वतःच्या कमरेला खोचला.

“नऊ म्हणजे नऊ,” त्या म्हणाल्या. “उशीर केलास तर बाहेर उभी राहशील.”